पेट्रोल बदललं, गाडी जुनीच. मग भुर्दंड कोणाला?

लोणारकरांनो, आज सकाळी तुम्ही गाडीत जे टाकलं, त्यातला पाचवा हिस्सा पेट्रोल नव्हता. ते इथेनॉल होतं. म्हणजे ऊस, मका नाहीतर तांदळापासून काढलेलं अल्कोहोल. टाकणाऱ्या पोराने ते सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही. मी एका पंपावर मुद्दाम विचारलं, "बाबू, यात इथेनॉल किती?" तो म्हणाला, "साहेब, पेट्रोल हाये. कितीचं टाकू?"

त्या पोराचा दोष नाही. त्याला तरी कुणी सांगितलंय?

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्याकडे कार्बोरेटरवाली जुनी गाडी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण यात शिव्या कमी आणि कामाचं जास्त आहे.

आधी हे बघा की फटका कोणाला बसतोय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक दुचाकींमधलं कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या २० टक्के इथेनॉल सोसतील अशाच बनवायच्या, असं ठरलं. म्हणजे नवी गाडी घेणारा बऱ्यापैकी सुरक्षित. पण आपल्या रस्त्यावर काय चालतं? हिरो आणि होंडा वेगळे होऊन दीड दशक झालं, तरी टाकीवर दोघांचं नाव असलेली स्प्लेंडर आणि पॅशन सुलतानपूर, बिबी, मंठा, रिसोडच्या रस्त्याने रोज दूध, खत आणि माणसं वाहते. जोडीला प्लॅटिना, डिस्कव्हर, एखादी बॉक्सर. ही शौकाची गाडी नाही. वावरात जायला दुसरं साधन नाही म्हणून ती आहे.

यंदाच्या पावसाळ्यात कोणत्याही गॅरेजवर थोडा वेळ बसला असाल तर हे ऐकलंच असेल. "सकाळी पकडूनच नाही राह्यली." "चोक ओढला की चालते, सोडला की बंद." "चढावर झटके देते." "ॲव्हरेज पार पडलं." मिस्त्री कार्बोरेटर खोलतो, वाटीत तळाला पाणी नाहीतर पिवळा गाळ, जेट बुजलेलं. साफ करतो, बसवतो, गाडी चालते. काही आठवड्यांनी तोच माणूस पुन्हा दारात. शेवटी मिस्त्री म्हणतो, "भाऊ, पेट्रोलच तसं येऊन राह्यलं, मी काय करू?"

त्याचं म्हणणं कितपत खरं आहे? अर्धं खरं आहे. तो अर्धा भाग नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट हवेची. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते. इथेनॉलला साधारण ९ पट पुरते, कारण ऑक्सिजन त्याच्यात आधीच असतो. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांमध्ये सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. मिश्रण बिघडलं की तो इंधन वाढवायला लावतो. कार्बोरेटरमध्ये असं काही नाही. जेटचं भोक कारखान्यात ठरलेलं, आणि स्लो जेटचं भोक तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. इंधन बदललं तरी त्यातून पूर्वीइतकंच येणार. मग हवा जास्त आणि इंधन कमी पडतं. मिस्त्री म्हणतात 'गाडी लीन झाली'. थंडीत चोकशिवाय चालू न होणं, स्लोवर बंद पडणं, इंजिन जास्त तापणं, प्लगचं टोक पांढरं पडणं, ही सगळी त्याची लक्षणं.

दुसरी गोष्ट ताकदीची. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या जवळपास दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. ॲव्हरेज पडणार हे शाळेतल्या पोराच्या गणितातलं आहे. त्यावर वाद घालणारे उगाच घालतात.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि आपल्याकडे खरा घोळ इथे आहे. इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी ते पोटात घेतं आणि ते जळूनही जातं, तेवढं इथेनॉलच्या बाजूने मान्य करू. पण पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याला मिळतं आणि दोघं मिळून टाकीच्या तळाला बसतात. पेट्रोल कॉक कुठून ओढतो? तळातूनच. गाडीला आधी तेच प्यावं लागतं.

आता आपली सवय बघा. "शंभराचं टाक." टाकी कायम रिझर्व्हला. वरची सगळी जागा दमट हवेची. गाडी पावसात वावराच्या बांधावर उभी, झाकणाचं रबर कडक होऊन चिरलेलं. रात्री गारवा आला की आत दव धरतं. आतून पत्रा गंजतो. वर गावातल्या दुकानात बाटलीतून मिळणारं पेट्रोल, ती बाटली आधी कशाची होती देव जाणे. शहरातल्या टाकी फुल करणाऱ्या माणसापेक्षा आपल्या गाडीत पाणी आणि कचरा जास्त जाणार, हे उघड आहे. आपल्या सरोवराचं पाणी खारं केलं निसर्गाने. टाकीतल्या पाण्याचा जाब मात्र कुणाला तरी द्यावा लागेल.

चौथी गोष्ट रबराची. जुन्या गाड्यांमधल्या पाइप, ओ-रिंग, कॉकचं वायसर, फ्लोटच्या पिनचं टोक हे सगळे भाग इतक्या इथेनॉलचा विचार करून बनवलेले नाहीत. ते फुगतात, कडक होतात, चिरतात. मग ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब थेंब पेट्रोल गळतं.

हे मी मनाने सांगत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने स्वतः खुलासा केला की काही जुन्या वाहनांत रबराचे भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात. पुढे लिहिलं की हे काम स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जातं. स्वस्त कोणासाठी, हे लिहिलं नाही. त्याच मंत्रालयाने एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा दाखला दिला की कार्बोरेटर आणि इंजेक्शनच्या वाहनांमध्ये ताकद आणि इंधनखर्चात लक्षणीय फरक पडला नाही. तो अभ्यास वाहनांच्या पहिल्या १ लाख किलोमीटरचा होता. साहेब, आमच्याकडे बऱ्याच गाड्यांचं मीटर १ लाखाच्या आधीच बंद पडलेलं आहे. ती गाडी तिसऱ्या मालकाकडे आहे. तिची चाचणी कुणी केली?

आता सरकारचाच एक कागद वाचू. जून २०२१ मध्ये नीती आयोगाने इथेनॉल मिश्रणाचा आराखडा काढला. त्यात तीन गोष्टी आहेत, लक्षात ठेवा.

एक, मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के इथेनॉलला जुळवलेल्या दुचाकींचं ॲव्हरेज २० टक्क्यांवर ३ ते ४ टक्के घटेल, असं त्यांनीच लिहिलं.

दोन, जुन्या वाहनांसाठी १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई-१०, पंपावर वेगळं मिळत राहावं.

तीन, ज्यात इथेनॉल जास्त ते इंधन ग्राहकाला स्वस्त मिळावं, कारण त्यात ऊर्जा कमी आहे.

पुढे काय झालं? २०३० पर्यंतचं २० टक्क्यांचं लक्ष्य २०२५ वर ओढलं. जून २०२२ मध्ये देशात सरासरी १० टक्के गाठले आणि पुढच्या तीन वर्षांत २० टक्के. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० ची विक्री ११ राज्यांतल्या ८४ पंपांवर सुरू झाली, तेव्हा तो एक पर्याय होता. आज तोच एकमेव आहे. पहिला मुद्दा खरा ठरला. दुसरा आणि तिसरा कपाटात गेला. घाई झाली ती लक्ष्याची, ग्राहकाच्या संरक्षणाची कुणाला घाई नव्हती.

स्वस्त का नाही, याचंही उत्तर सरकारने दिलं. ३१ जुलै २०२५ रोजी इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला ७१.३२ रुपये होती, आणि शुद्धीकरण केलेलं पेट्रोल त्याहून स्वस्त पडतं, असं सांगितलं. ठीक आहे, आकडा खरा मानू. पण २०२५ मध्ये पंपावर आपण १०४-१०५ रुपये देत होतो त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क होतं आणि राज्याचा व्हॅट होता. आराखड्याने कर कमी करूनच सवलत द्यायला सुचवलं होतं. त्याच सरकारी खुलाशात लिहिलंय की २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत इथेनॉलमुळे देशाचं १ लाख ४४ हजार ८७ कोटी रुपयांचं परकीय चलन वाचलं. चांगली गोष्ट आहे, अभिमान आहे. त्यातला एक रुपया तरी स्प्लेंडरच्या टाकीपर्यंत आला का?

हिशेब छोटा करून सांगतो. रोज ३० किलोमीटर चालवणारा माणूस, ॲव्हरेज ६०. महिन्याला १५ लिटर. सरकारचेच ४ टक्के धरले तर ६०० मिली वाया, म्हणजे लिटरला १०५ धरून ६३ रुपये. वर्षाला साडेसातशेच्या पुढे. शिवाय कार्बोरेटरची सफाई, पिन, ओ-रिंग, आणि गाडी बंद म्हणून बुडालेली रोजी. मुंबईत बसून हे किरकोळ वाटेल. मजुरीवर जाणाऱ्याला विचारा.

कोर्टात कुणी गेलं नाही असंही नाही. इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळावं आणि पंपावर प्रमाण लिहावं, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. १ सप्टेंबर २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. सरकारचं म्हणणं होतं की याचिकाकर्त्याच्या मागे मोठी लॉबी आहे. नितीन गडकरी साहेबही त्याच महिन्यात म्हणाले की आपल्याविरुद्ध सोशल मीडियावर पैसे देऊन मोहीम चालवली गेली.

गडकरी साहेब आपल्या विदर्भाचे, त्यांच्या कामाबद्दल आदर आहे. कुठे पैसे देऊन मोहीम चालली असेलही. पण गॅरेजच्या दारात किक मारून मारून घामेजलेला कास्तकार कोणत्या लॉबीचा? त्याला यासाठी कुणी चहा तरी पाजला का? प्रत्येक तक्रार विरोधकाची आणि प्रत्येक प्रश्न दलालाचा ठरवला की उत्तर द्यायची गरज उरत नाही, हा जुना डाव आहे.

जगात काय चालतं? ब्राझीलचं नाव सगळे घेतात. तिथे १ ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल आहे, खरं आहे. पण तिथे कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या कार २००३ पासून विकल्या जातात आणि होंडाने तशी मोटारसायकलसुद्धा २००९ मध्ये आणली. आधी गाड्या आल्या, वर्षानुवर्षं मुरल्या. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये साधं पेट्रोल १० टक्क्यांवर नेलं तेव्हा जुन्या वाहनांसाठी ५ टक्केवालं वेगळं ठेवलं. अमेरिकेत १५ टक्केवालं इंधन मोटारसायकलमध्ये टाकायला मनाईच आहे, पंपावर इशाऱ्याचं लेबल लावावं लागतं. आपण २० टक्के सरसकट सगळ्यांना, न सांगता.

"मग तू शेतकऱ्याच्या विरोधात का?" असं कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, म्हणून आत्ताच बोलतो. ऊस उत्पादकाला इथेनॉलने हात दिला, हे नाकारायचं कारण नाही. पण आपला तालुका उसाचा नाही. आपलं पीक सोयाबीन, तूर, कापूस, थोडा मका. मक्यापासून इथेनॉल निघतं म्हणून मक्याला सोन्याचे दिवस येतील असं सांगितलं गेलं. २०२५-२६ मध्ये मक्याचा हमीभाव २४०० रुपये क्विंटल होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली. सोयाबीनचा हमीभाव ५३२८ होता, तोही बाजारात मिळेना. त्यात आणखी एक गोष्ट. मका आणि तांदळाचं इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जातो आणि सोयाबीनच्या ढेपेची जागा खातो. सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची संघटना 'सोपा' हेच ओरडून सांगते आहे. सोयाबीनचे भाव पडण्याला आयात तेलासकट बरीच कारणं आहेत, सगळा दोष इथेनॉलचा नाही. पण आपला कास्तकार या योजनेचा लाभार्थी आहे असं गृहीत धरून त्याच्या टाकीचा प्रश्न झटकू नका.

आता दुसऱ्या बाजूला दोन शब्द. मोबाइलवर जे व्हिडिओ फिरतात, "इंजिन उडालं", "गाडी भंगारात", त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. त्यातले काही जण शेवटी 'ॲडिटिव्ह'ची बाटली विकतात. १५ वर्षं एअर फिल्टर बदललेला नाही, टॅपेट सेट केलेले नाहीत, क्लच घसरतोय, आणि ॲव्हरेज पडलं की इथेनॉलच्या नावाने बोंब, हे चालणार नाही. खोट्या तक्रारी जितक्या वाढतील तितकं खरी तक्रार उडवून लावणं सोपं जाईल. म्हणून आधी दोष नेमका कुठे आहे ते तपासा. हे चांगल्या मिस्त्रींना विचारून लिहितोय.

१) पेट्रोल टाकल्यावर लगेच झटके सुरू झाले? कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू ढिला करून थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या. बिडी-काडी लांब ठेवा, इंजिन गार असू द्या. १५ मिनिटं बाटली हलवू नका. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी आहे. फोटो काढा, पंपाची पावती जपून ठेवा.

२) चोकवर चालते, चोक सोडला की बंद? बहुतेक स्लो जेट बुजलंय किंवा मिश्रण लीन आहे. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेनेच साफ करा. मग एअर स्क्रू पुन्हा सेट करून घ्या.

३) ओव्हरफ्लोतून गळतंय? फ्लोटच्या पिनखाली कचरा अडकलाय किंवा तिचं टोक खराब झालंय. नळी बंद करून टाकणं हा इलाज नव्हे, ते पेट्रोल इंजिनात आणि पुढे ऑइलमध्ये उतरतं.

४) दोन किलोमीटर चालून बंद, थोड्या वेळाने परत चालू? टाकीचं झाकण उघडून बघा. उघडल्यावर नीट चालली तर झाकणातलं हवेचं भोक बंद आहे. यात इथेनॉलचा काहीही संबंध नाही. झाकणाने फरक पडला नाही तर कॉकची जाळी बघा.

५) प्लग काढा. टोक पांढरंफटक म्हणजे लीन. काळं, काजळी धरलेलं म्हणजे इंधन जास्त, आधी एअर फिल्टर तपासा.

आणि जमेल तेव्हा टाकी निम्म्याच्या वर ठेवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करा. झाकणाचं रबर बदला. पेट्रोलचा पाइप बोटाने दाबून बघा, कडक लागला तर आजच बदला, गळतीने आग लागते.

पंपावर तुमचे हक्कही आहेत. फिल्टर पेपरवर थेंब टाकून शुद्धता बघायचा, घनता मोजून घ्यायचा, ५ लिटरच्या मापाने माप तपासायचा. मागितलं तर दाखवावंच लागतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलंय का, हे बघायला डिपस्टिकला लावायची खास पेस्ट असते, पाणी लागताच तिचा रंग बदलतो. पावसाळ्यात ती तपासणी झाली का, एवढा प्रश्न विचारायला लाजू नका. चांगल्या पंपवाल्याला त्याचा राग येणार नाही.

माझ्या मागण्या चारच आहेत, आणि एकही सरकारच्या आराखड्याच्या किंवा साध्या न्यायाच्या बाहेरची नाही.

१) प्रत्येक पंपावर, मशीनवर, मराठीत, मोठ्या अक्षरात: यात इथेनॉल किती टक्के, आणि कोणत्या सालाआधीच्या गाडीने काय काळजी घ्यावी.

२) तालुक्याच्या ठिकाणी निदान एका पंपावर जुन्या गाड्यांसाठी ई-१०. सगळीकडे मागत नाही. आज इथेनॉल नसलेलं हवं तर मोठ्या शहरात जाऊन १०० ऑक्टेनचं, दीडशेच्या वर भावाचं घ्या, हा पर्याय लोणारच्या माणसाची थट्टा आहे.

३) ई-२० च्या दरात ऊर्जेच्या घटीइतकी सवलत, करातून.

४) पावसाळ्याच्या चार महिन्यांत पंपांच्या टाक्यांची पाण्यासाठी तपासणी, आणि तिचा निकाल पंपावर लावलेला.

आपले खासदार प्रतापराव जाधव केंद्रात मंत्री आहेत, मेहकरचेच आहेत. आमदार सिद्धार्थ खरात विरोधी बाकावर आहेत. एक दिल्लीत बोलू शकतो, दुसरा मुंबईत विचारू शकतो. दोघांच्याही सभांना लोक याच गाड्यांवर बसून येतात, हे दोघांनाही माहीत आहे.

आता तुमचं काम. कमेंटमध्ये तीनच गोष्टी लिहा: गाडी कोणती, कोणत्या सालची, नेमका त्रास काय. पंपाचं नाव कमेंटमध्ये टाकू नका, पुरावा असेल तर मला मेसेज करा. वर सांगितलेली तपासणी करूनच लिहा. ही यादी मी तहसीलच्या पुरवठा विभागाला आणि दोन्ही लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात लेखी देणार आहे आणि काय उत्तर आलं ते इथेच टाकणार आहे. उत्तर आलं नाही तर तेही टाकणार.

पटलं असेल तर तुमच्या मिस्त्रीच्या ग्रुपवर पाठवा. त्यांच्याकडे या तालुक्याचा खरा रेकॉर्ड आहे.